पहिल्यांदाच स्पेलिंग बीला निघालेल्या आईबाबांसाठी

“आई, पुढच्या वेळी मला दिसणार नाहीस अशा ठिकाणी बस.”

पहिली स्पेलिंग बी, म्हणजे मंचावर उभं राहून इंग्रजी शब्दांचं स्पेलिंग तोंडी सांगायची स्पर्धा, आटोपून गाडीत बसल्याबरोबर थोरली एवढंच म्हणाली. तेव्हा ती दुसरीत होती. तिला धीर यावा म्हणून मी तिसऱ्या रांगेत, मधोमध, तिच्या थेट नजरेसमोर बसले होते. माझ्या मते मी हसतमुख होते. तिच्या मते मी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखी दिसत होते. तिनं ‘आय’ हे अक्षर उच्चारलं आणि माझ्या भुवया वर गेल्या, तेव्हाच तिला कळलं की तिथं ‘ई’ हवा होता. पण तोंडातून गेलेलं अक्षर परत घेता येत नाही.

त्यानंतर थोरलीचे पाच आणि धाकट्याचे तीन हंगाम झाले. काही वर्षं मी नोंदणीच्या टेबलावरही बसले. भारतातून इकडे न्यू जर्सीत नव्यानं आलेल्या घरांतून थंडीच्या दिवसांत फोन येतात: “मुलाचं नाव घातलंय, आता आम्ही काय करायचं?” शब्द कसे पाठ करवायचे हे सांगणारी ॲप आणि शिकवण्या भरपूर आहेत. आईबाबांनी काय करायचं, कुठं बसायचं आणि तोंड कसं मिटून ठेवायचं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

‘बी’ म्हणजे काय, आणि तुमची कुठली

या ‘बी’चा मधमाशीशी थेट संबंध नाही, बोधचिन्हावर माशी असली तरी. अमेरिकेत पूर्वी शेजारीपाजारी जमून कुणाची मक्याची कणसं सोलून देत, कुणाची गोधडी शिवून देत. अशा जमण्याला ‘बी’ म्हणत. म्हणजे आपल्याकडची इर्जिक. गावातली औतं एका शेतकऱ्याच्या रानात येतात, नांगरट उरकते, मग सगळे जेवतात. स्पेलिंगची बी पाहताना मला हा अर्थ फार जवळचा वाटतो. का, ते पुढं येईलच.

नवीन पालकांचा पहिला घोळ इथंच होतो. ‘स्पेलिंग बी’ हे एकाच स्पर्धेचं नाव नाही. टीव्हीवर दिसते ती स्क्रिप्स नॅशनल स्पेलिंग बी. ती १९२५ साली सुरू झाली; पहिल्या विजेत्यानं ‘ग्लॅडिओलस’ या शब्दावर बाजी मारली होती. तिथं जायची वाट शाळेतून जाते: आधी शाळेची बी, मग विभागाची, मग मे महिन्याच्या अखेरीस वॉशिंग्टन परिसरात राष्ट्रीय. मूल आठवीच्या पुढं गेलेलं चालत नाही. शाळेनं त्या वर्षी नाव नोंदवलेलं नसेल तर ही वाट तिथंच अडते. म्हणून शाळा सुरू झाली की सप्टेंबरातच वर्गशिक्षिकेला ईमेल करून विचारा. इथं असं विचारण्यात कोणाला आगाऊपणा वाटत नाही.

दुसरी वाट भारतीय समाजानं स्वतः बांधलेली. रत्नम चित्तुरी यांनी १९८९ मध्ये नॉर्थ साउथ फाउंडेशन सुरू केलं, ते भारतातल्या हुशार पण गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देण्यासाठी. १९९३ पासून त्यांनी इथल्या भारतीय मुलांसाठी स्पेलिंगच्या स्पर्धा भरवायला घेतल्या. पुढं शब्दार्थ, गणित, भूगोल असे विषय वाढत गेले. गावोगावच्या शाखा वसंतात प्रादेशिक स्पर्धा घेतात आणि त्यातून निवडलेली मुलं राष्ट्रीय स्पर्धेला जातात. पहिली ते तिसरी कनिष्ठ गट, चौथी ते आठवी वरिष्ठ. २००८ मध्ये साउथ एशियन स्पेलिंग बी हीदेखील सुरू झाली. शिवाय मंडळांच्या, मंदिरांच्या, वाचनालयांच्या छोट्या स्पर्धा असतात. आमच्या मंडळात मराठी शाळेच्या वर्गखोलीत, फळा पुसून, पंधरा-वीस मुलांची बी होते. पहिल्यांदा जायचं तर अशाच ठिकाणी जा. माईक धरायची सवय होते आणि हरल्यावर वडापाव मिळतो.

एक गोष्ट आधीच बोलून टाकते. १९८५ मध्ये बालू नटराजन हा भारतीय वंशाचा मुलगा पहिल्यांदा स्क्रिप्सचा राष्ट्रीय विजेता झाला. २००८ ते २०१९ या काळात एकही वर्ष असं गेलं नाही की विजेत्यांत भारतीय नाव नव्हतं. २०१९ ला तर आठ सहविजेत्यांपैकी सात जण आपले. त्यामुळे हा ‘आपल्या मुलांचा’ खेळ आहे आणि आपल्या घरातलं मूल त्यात उतरलंच पाहिजे, असं काही आईबाबांच्या डोक्यात बसतं. मुलाला एकदा स्पर्धा नुसती बघायला घेऊन जा आणि परत येताना त्याला विचारा. त्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर तो शनिवार फुटबॉलला मोकळा झाला.

नियमपत्रिका चहाबरोबर, दोघांनी मिळून

प्रत्येक बीचे नियम थोडे वेगळे असतात आणि ते छापलेले असतात. ते न वाचता आलेले पालक नोंदणीच्या टेबलावरून मला लगेच ओळखू यायचे. चार गोष्टी नक्की बघा: पहिली फेरी लेखी आहे का, शब्दांची यादी कुठली, कोणता कोश प्रमाण, आणि हरकत कशी नोंदवायची. बहुतेक ठिकाणी मेरियम-वेब्स्टरचा अमेरिकन कोश धरतात. स्क्रिप्सची ‘वर्ड्स ऑफ द चॅम्पियन्स’ नावाची चार हजार शब्दांची यादी तीन पायऱ्यांत विभागलेली आहे. लहान मुलाला पहिलीच पायरी पुष्कळ झाली.

अमेरिकन कोश म्हटल्यावर महाराष्ट्रात शिकलेल्या आईबाबांसाठी धोक्याची घंटा वाजायला हवी. आपण ‘कलर’मध्ये यू घालून मोठे झालो. ‘सेंटर’च्या शेवटी आर-ई, ‘ज्वेलरी’त दोन एल. या सगळ्या आपल्या हातात बसलेल्या गोष्टी इथं चूक धरल्या जातात, कारण कोशात ब्रिटिश अशी खूण असलेलं रूप ग्राह्य धरायचं नाही असा नियम असतो. माझ्या नवऱ्यानं धाकट्याला पूर्ण एक आठवडा ‘प्रोग्रॅम’ दोन एमचा शिकवला होता. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: आईबाबांच्या डोक्यातलं स्पेलिंग हा पुरावा नाही, कोश उघडा.

घरी शब्द कोण वाचणार?

यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी घरांचा खरा घोटाळा इथं आहे.

आपली भाषा जशी बोलली जाते तशी लिहिली जाते. ऱ्हस्व-दीर्घ सोडले तर मराठीत स्पेलिंग हा प्रकारच नाही. शाळेत श्रुतलेखन असायचं, चुकलेला शब्द दहा वेळा लिहायचा, झालं. त्यामुळे आपण इंग्रजी शब्दही लिहिल्याप्रमाणे उच्चारतो आणि मुलाला न कळत सूचना देत जातो. ‘वेन्स्डे’ला ‘वेडनेसडे’ म्हणून शिकवतो. मूल घरी पटापट बरोबर सांगतं, कारण आपण प्रत्येक अक्षर उच्चारून त्याच्या हातात ठेवलेलं असतं. मंचावर उच्चार करणारी व्यक्ती तसं करत नाही, आणि मग मूल बिचकतं.

दुसरं म्हणजे आपला ‘व’. तो इंग्रजीतल्या व्ही आणि डब्ल्यू यांच्या मधोमध कुठंतरी बसतो. बुरखा, दरी, रडणं आणि देवमासा या चार अर्थांचे चार इंग्रजी शब्द माझ्या तोंडून एकसारखेच ‘वेल’ असे निघतात. थोरली वैतागून म्हणायची, “आई, कुठला वेल?” एकदा मी म्हटलं, “कारल्याचा.” ती हसली नाही.

तेव्हा उच्चार कोशाच्या संकेतस्थळावरच्या ध्वनिफितीतूनच ऐकवा. तुम्ही फक्त यादी धरून बसा, बटण दाबा आणि उत्तर तपासा. आजोबा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर शब्द घालत असतील तर घालू द्या. त्या गप्पांचा आनंद निराळा. त्यांना एकच विनंती करा, झेडला ‘झी’ म्हणायची. शिवाय मुलाला दोन सवयी लावा. जोडअक्षर आलं की ‘डबल एल’ न म्हणता ‘एल, एल’ म्हणायचं. आणि बी, डी, पी, टी ही अक्षरं एकमेकांपासून सुटी उच्चारायची, कारण शाळांमधले माईक अगदीच सुमार असतात आणि न्यायाधीशांना ऐकू येईल तेच मुलाचं उत्तर.

माझ्या पाहण्यात लहान गटातली मुलं लांबलचक ग्रीक शब्दांवर कमी आणि एका पुसट ‘अ’वर जास्त बाद होतात. शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी येणारा तो अर्धवट आवाज: ए असेल, ई असेल, आय असेल, ओ असेल. ‘-ant’ की ‘-ent’, असं आपण कागदावर ज्यावर अडतो तेच. अशा शब्दांची वेगळी वही करा. आमची वही वाण्याच्या हिशेबाच्या वहीसारखी लाल होती, आणि तिच्यात माझी स्वतःची भरही बरीच होती. कारण आठवड्यातून एक दिवस उलटी गंगा वाहायची: मुलं शब्द घालायची आणि मी माईक म्हणून लाटणं हातात धरून उभी राहायचे. हा खेळ जरूर खेळा. मंचावर उभं राहिल्यावर माहीत असलेला शब्दसुद्धा कसा पळून जातो, ते त्याशिवाय समजत नाही.

प्रश्न विचारायची सवय

मुलाला शब्द मिळाल्यावर तो पुन्हा उच्चारायला सांगता येतो. अर्थ, शब्दाची जात, वाक्यात उपयोग, मूळ भाषा आणि दुसरा काही उच्चार असेल तर तोही विचारता येतो. हे सगळं फुकट असतं, फक्त वेळेची मर्यादा सांभाळायची. तरी आपली मुलं विचारत नाहीत. शंका विचारली म्हणजे आपल्याला येत नाही हे जगजाहीर होईल, ही भीती आपणच त्यांच्यात रुजवलेली असते.

याची दोन उदाहरणं मी मुलांना सांगते आणि दोन्हींत आपल्या ओळखीच्या वनस्पती आहेत. २०२१ ला स्क्रिप्सच्या राष्ट्रीय स्पर्धेत झायला अवां-गार्द या मुलीला शेवटचा शब्द आला ‘मुराया’. तिनं विचारलं, यात मरे हे माणसाचं नाव आहे का? होतंच, मरे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून ते नाव पडलं आहे. तिनं स्पेलिंग सांगितलं आणि जिंकली. ही मुराया म्हणजे आपल्या कुंतीची प्रजाती. कढीपत्त्याचं शास्त्रीय नावही वर्षानुवर्षं तिच्यातलंच चालत आलं. दुसरं उदाहरण २०२५ चं. फैजान झाकी जिंकण्याच्या अगदी उंबरठ्यावर होता. शब्द आला ‘कॉमेलिना’. त्यानं काहीही न विचारता घाईनं के-ए-एम अशी सुरुवात केली आणि चुकला. कॉमेलिना म्हणजे पावसाळ्यात बांधावर उगवणारा केना, ज्याची रानभाजी करतात. पुढं तोच मुलगा त्याच रात्री ‘एक्लेअर्सिस्माँ’ या फ्रेंच शब्दावर विजेता ठरला, पण मधल्या त्या फेरीत त्याच्या आईवडिलांचं काय झालं असेल ते आपण ओळखू शकतो. त्या वर्षी दुसरा आला तो सर्वज्ञ कदम. त्याच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘ज्ञ’साठी डी-एन-वाय-ए आहे. मराठी ‘द्न्य’ त्या मंचावर पाहून आमच्या व्हॉट्सॲप गटात नुसता धुरळा उडाला होता.

मूळ भाषा हा प्रश्न सर्वांत कामाचा. ग्रीक म्हटलं की ‘फ’साठी पी-एच आणि ‘क’साठी सी-एच मनात यायला हवं; फ्रेंच म्हटलं की शेवटची मुकी अक्षरं. आपल्या मुलांना वाटतं, मूळ हिंदी किंवा मराठी निघालं की घरचंच काम. तिथं उलट जास्त सावध राहायचं. ‘मुंगूस’ पोर्तुगिजांच्या तोंडून इंग्रजीत गेलं आणि मराठी-कोंकणी मुंगुसाला शेपटी फुटली ती जी-डबल ओ-एस-ई अशी. (हो, मीच आत्ता ‘डबल’ म्हटलं.) जगन्नाथाचा ‘जगरनॉट’ झाला. थोरली तिसरीत असताना याच शब्दावर बाद झाली: शेवटी एन-ओ-टी लावून मोकळी. मूळ विचारलं असतं तर नाथ सापडला असता, असं ती अजून म्हणते. मला तशी खात्री नाही, पण मी वाद घालत नाही.

स्पर्धेची सकाळ

पाऊण तास आधी पोचा. शाळेची इमारत मोठी असते, फलक कागदाचे आणि वाऱ्यानं फिरलेले असतात, आणि तुमचा वर्ग नेहमी पार्किंगच्या विरुद्ध टोकाला असतो. नोंदणीला मुलाचं ओळखपत्र आणि इयत्तेचा पुरावा मागू शकतात. मुलाच्या गळ्यात नंबराची पाटी अडकवतात.

नाव पुकारणाऱ्या स्वयंसेवकाला मुलाच्या नावाचा उच्चार तिथंच सांगून या. समोरचा तेलुगू, तमीळ, गुजराती कोणीही असेल आणि ‘ज्ञानदा’चं काय होईल ते सांगता येत नाही. स्वतःचं नाव चुकीचं ऐकून मंचावर गेलेलं मूल पहिलं मिनिट त्यातच घालवतं.

खायला तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा इडली द्या. चिवडा घरी ठेवा. एका वर्षी शांत सभागृहात आमच्याच रांगेतून पोह्याच्या चिवड्याचा कुरकुर आवाज सुरू झाला आणि मंचावरच्या मुलासकट सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. पाण्याची बाटली असू द्या. शेवटच्या अर्ध्या तासात यादी काढू नका. व्हरांड्यात भिंतीला टेकून शब्द घोकणारी घरं तुम्हाला दिसतील. तुमचं मूलही त्यांच्याकडे बघत असेल. त्याला बाहेर नेऊन हिरवळीवर एक चक्कर मारून आणा.

लेखी फेरी असेल तर पालकांना बाहेर काढतात. तो तास फार वाईट जातो. तुम्ही नवीन असाल तर कोणी ना कोणी येऊन “तुमची कितवी वेळ? कोचिंग कुठलं?” असं विचारेलच. “पहिलीच वेळ, घरीच” एवढं सांगा आणि चहाकडे वळा. त्या माणसाच्या पोटातही तोच गोळा असतो, फक्त तो बोलून बाहेर पडतो.

कुठं बसायचं

हे मुलालाच विचारा, आणि आदल्या रात्री विचारा. काही मुलांना आई दिसायला हवी असते. थोरलीला नको होती. धाकट्याला बाबा चालायचे, पण चष्मा काढून, म्हणजे त्यांना आपण नीट दिसत नाही असं त्याला वाटायचं. जे सांगतील ते तंतोतंत करा.

बसल्यावर हात मांडीवर, एकात एक गुंतवून. गंमत नाही, याला कारण आहे. आपलं मूल अक्षरं सांगू लागलं की आपले ओठ आपोआप हलतात, बोटं गुडघ्यावर अक्षरं गिरवतात. न्यायाधीश मंचाबरोबर प्रेक्षकांकडेही बघत असतात आणि खुणा झाल्याचा संशय आला तर मूल बाद होऊ शकतं. फोन बंद करा. चित्रीकरणाची परवानगी आहे का ते आधी विचारून घ्या. असली तरी धरू नका, असं माझं मत. हातात फोन असला की मुलाला आईचा चेहरा दिसतच नाही, मागं एक काळी चौकट दिसते.

सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना दोघांच्या मध्ये बसवा. माझ्या सासूबाईंनी नातीनं तिसरं अक्षर बरोबर सांगितल्याबरोबर “शाब्बास!” म्हटलं होतं. शब्दाला अजून सहा अक्षरं बाकी होती. न्यायाधीश बाईंनी हसून दुर्लक्ष केलं, हे आमचं नशीब.

टाळ्या प्रत्येक मुलासाठी. आपल्या मुलाची पाळी झाल्यावर उठून जाऊ नका, आणि ते बाद झालं तरी फेरी संपेपर्यंत थांबा. यामागं शिष्टाचार आहेच, पण नियमही आहे: एखाद्या फेरीत उरलेल्यांपैकी सगळेच चुकले तर कोणीच बाद होत नाही, सगळे परत येतात. एका वर्षी एक कुटुंब रागानं निघून गेलं आणि दहा मिनिटांनी त्यांच्या मुलाच्या नावाचा पुकारा झाला. मी त्यांना गाठायला पार्किंगमध्ये पळत गेले होते. सापडले, पण गाडी सुरू झाली होती आणि मुलाचा रडून चेहरा सुजला होता.

आणि सरळ सांगायचं तर सर्वांत चांगली जागा सभागृहात नाहीच. स्वयंसेवक म्हणून नाव द्या. मघाशी इर्जिक म्हटलं ते याचसाठी: या स्पर्धा पगारी माणसं चालवत नाहीत. उत्तरपत्रिका तपासायला, वेळ लावायला, रांगा लावायला, पिझ्झा कापायला माणसं लागतात आणि ती पालकांतूनच येतात. तुम्हाला तुमच्या मुलाच्या खोलीत नेमत नाहीत, दुसऱ्या गटाकडे पाठवतात. दुसऱ्यांच्या मुलांना माईकपाशी उभं राहिलेलं दोन-तीन तास पाहिलं की स्वतःच्या मुलाकडे बघायची नजरच बदलते. त्यांचे हात कसे थरथरतात, ती फरशीकडे बघत अक्षरं कशी जोडतात, हे आईच्या जागेवरून मला कधी दिसलंच नव्हतं. तिथं मला फक्त चूक-बरोबर ऐकू यायचं.

घंटा वाजल्यावर

चुकलं की छोटी घंटा वाजते आणि बरोबर स्पेलिंग सांगतात. एक मूल सोडून सगळ्यांसाठी ती कधी ना कधी वाजणारच. तेव्हा घंटेची तालीम घरी करा. आम्ही देवघरातली घंटा वापरायला गेलो तर आजींनी हाणून पाडलं. शेवटी वाटीवर चमचा वाजवला. घंटा वाजली की न्यायाधीशांना ‘थँक यू’ म्हणायचं आणि सरळ चालत यायचं, एवढीच तालीम. ज्या मुलाला पुढं काय करायचं ते ठाऊक असतं, ते मंचावर थिजून उभं राहत नाही.

मूल तुमच्यापर्यंत येईल तेव्हा पाणी द्या, बाजूला बसवा आणि त्यानं बोलेपर्यंत काही बोलू नका. “सोपा होता गं!” हे वाक्य आपल्या जिभेच्या टोकावर तयार असतं. गिळा ते. “काल तर बरोबर सांगितलं होतंस” हेही गिळा. “कितवा नंबर?” असं विचारणारे फोन भारतातून येतील, ते दुसऱ्या दिवशी घ्या. आमचा धाकटा पहिल्या वर्षी पहिल्याच शब्दावर गेला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, “माईक खूप थंड होता.” त्यावरच आम्ही पाच मिनिटं बोललो.

निकाल चुकलाय असं खरंच वाटत असेल, म्हणजे उच्चार वेगळा दिला किंवा मुलानं सांगितलेलं रूप कोशात आहे, तर हरकत घेण्याची पद्धत असते. नियमपत्रिकेत नेमलेल्या व्यक्तीकडे हळू आवाजात जायचं, आणि लगेच जायचं: मूल स्पर्धेत राहिलं असतं तर पुढचा शब्द त्याला ज्या वेळी मिळाला असता, त्याच्या आत हरकत नोंदवावी लागते असा सर्वसाधारण नियम आहे. मंचाकडे धावायचं नाही, जागेवरून ओरडायचं नाही. आणि आधी मुलाला विचारा, हरकत घेऊ का? एका बाबांनी हरकत जिंकली होती, पण मुलाला परत मंचावर जायचंच नव्हतं. ते दृश्य बघवत नव्हतं.

परतताना

प्रमाणपत्र मुडपू नका. नंबराची पाटी मुलं जपून ठेवतात, ती धुण्यात टाकू नका. चुकलेला शब्द वहीत लिहायचा तो मूल म्हणेल तेव्हा. पुढच्या वर्षीच्या नोंदणीविषयी महिनाभर बोलायचं नाही, हे मी नवऱ्याकडून लेखी घेतलं आहे.

परवा धाकट्याची या हंगामाची शेवटची बी झाली. आठव्या फेरीत बाद झाला. मी दुसऱ्या इमारतीत वेळ लावत होते, मला कळलं ते पाऊण तासानं. गाडीत त्यानं बूट काढले, उरलेली पुरी खाल्ली आणि मागून म्हणाला, “आई, तुला एक शब्द. ज्वेलरी.”

मी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. “मूळ भाषा?”

“ते नाही सांगणार. अमेरिकन की ब्रिटिश, ते विचार.”